गव्हर्नरबाईची भेट

त्या वैशाखात पारशिवनीच्या भवताली ऊन असं पडलं, की म्हशी सावलीला जात नव्हत्या, सावलीच उठून म्हशीच्या पोटाखाली जाऊन बसत होती. पानठेलेवाला देवराव तर शपथेवर सांगे, की त्याच्या कोंबडीनं उकडलेलं अंडं घातलं अन् त्यानं ते मीठ लावून खाल्लं. देवराव दहातलं एक खरं बोलतो. पण ते कोणतं, हे त्यालाही ठाऊक नसतं.

शालिकरामाला मात्र उन्हाची पडली नव्हती. त्याला पडली होती हवेची. अर्धा जन्म त्याचा कापसाच्या जिनिंगात रुईच्या धुराळ्यात गेला. गावात म्हणत, शालिकरामाची छाती उसवली तर दोन गाद्या अन् एक तक्क्या भरून निघेल. म्हणणारे हसत. शालिकरामही हसे, मग खोके, मग हसणं बाजूला राही अन् नुसतं खोकणंच उरे. आता तर एका दमात त्याच्यानं दोन-तीन शब्दांपुढे जाववत नसे. भाकर मागायची तर 'भाकर' म्हणून थांबे, 'दे' म्हणायला पुन्हा हवा गोळा करी.

ती हवा त्याला मशीन पुरवी. गुडघ्याएवढी पांढरी पेटी, खाली चार चाकं, पुढं नळी. नळी नाकात, वायर भिंतीत, अन् दिवसरात्र घुर्र-फुस्स, घुर्र-फुस्स. मशीन पारशिवनीच्या सेवादीप क्लबची. कोरोनात कुठून तरी आली, कोरोना गेल्यावर कपाटामागं पडली. शालिकरामाला दवाखान्यानं 'घरी लावा' म्हणून सोडलं, तेव्हा भागीरथा त्याची बायको क्लबचे अध्यक्ष ओमप्रकाश शेट यांच्या हार्डवेअरच्या दुकानापुढं ठाण मांडून बसली. खिळे घ्यायला येणारी माणसं तिला ओलांडून आत जाऊ लागली, तेव्हा शेट म्हणाले, "ने बाई, वापर. पण मशीन उसनी आहे बरं, मागितली की आणून द्यायची."

तेव्हापासून भागीरथेला मोटारसायकलच्या आवाजाचा धसका बसला. दारावरून गाडी गेली, की ती धावत जाऊन मशीनवर गोधडी टाकी. जणू क्लबवाल्यांना गोधडी दिसेल, अन् गोधडीतून येणारं घुर्र-फुस्स ऐकू येणार नाही.

शेजारची कौशल्या मशीनला 'सवत' म्हणे.

"काय वं भागीरथे, सवत कशी हाय तुही?"

"हाय बाप्पा. रातभर घुरघुरते अन् बुढा तिच्याकडेच तोंड करून झोपते."

"मंग तू?"

"मी लाईन गेली की कामाची."

अन् लाईन तर रोज जाई. वैशाखात सगळ्या गावाचे कूलर एकदम सुरू झाले, की गावाला वीज पुरवणारी डीपी दम टाके, अन् डीपीपाठोपाठ शालिकराम. भागीरथा मग सूप घेऊन त्याच्या तोंडापुढं वारा घाले. मनगट भरून येई, खांदा सुटल्यासारखा होई. शालिकराम उघड्या तोंडानं तिच्याकडं पाहत राही, ओठ जांभळे पडत. लाईन आली अन् मशीन घुरघुरली, की दोघंही एकदम सैल पडत, जणू दोघांनीच मिळून कुठलं गाडं ओढून आणलं आहे.

सकाळ उजाडली, की ती मिरचीच्या सातऱ्यावर जाई. सातरा म्हणजे उघड्या मैदानात पसरलेला मिरचीचा लाल समुद्र, अन् त्याच्या काठाला वाकून बसलेल्या बाया. देठ खुडायचे, डागी मिरची वेगळी काढायची. तोंडाला फडकं, हाताला तेल, तरी बोटं संध्याकाळपर्यंत निखाऱ्यासारखी. सातऱ्यावरची बाई रडली तरी कोणी विचारत नाही. तिथं सगळ्याच रडतात.

घरी आल्यावर ती आधी उंबऱ्यात जात नसे. अंगणातल्या तट्ट्याआड डोक्यावरून पाणी घ्यायचं, लुगडं भिजत टाकायचं, दुसरं नेसायचं, मगच आत. एकदा घाईत तशीच शिरली होती. तिच्या पदरातली मिरची शालिकरामाच्या छातीत गेली, अन् तो असा काही खोकला, की खाटेचं सुंभ तुटलं. तेव्हापासून नवऱ्याजवळ जायला तिला पाणी लागे, अन् विहिरीनं तर तळ दाखवलेला. कधी कधी एका तांब्यात ती सगळी मिरची धुऊन काढी. कशी, ते तिलाच माहीत.

गुरुवारी सातऱ्यावर गोलू आला. गोलू म्हणजे ओमप्रकाश शेटच्या दुकानाचा टेम्पो हाकणारा. लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप, पण नाव गोलूच. टेम्पो बंद न करताच तो खिडकीतून ओरडला.

"काकू! रविवारी गव्हर्नरची भेट हाय!"

भागीरथेचे हात थांबले. "कोनाची?"

"गव्हर्नर मॅडमची! क्लबले! मशीन लागन तिथं. धुऊन-पुसून ठेवा, मी सकाळी येतो न्यायले!"

"अन् बुढ्याचं कसं गा?"

पण टेम्पोनं धूर सोडला, अन् गोलूचं उत्तर धुरासोबत गेलं.

मग सातऱ्यावर चर्चा सुरू झाली. गव्हर्नर म्हणजे राज्यपाल, असं एकीनं सांगितलं, तेव्हा तो मुंबईतून मिरची पाहायला इथं कशाला येईल, असं दुसरीनं विचारलं. तिसरीला खरं माहीत होतं: क्लबवाल्यांचा गव्हर्नर वेगळा असतो, गळ्यात पट्टा घालतो, अन् यंदाची तर बाई आहे, नागपूरची, गांधीबागेत कापडाचं मोठं दुकान आहे म्हणे.

"ते राहू द्या वं," भागीरथा म्हणाली. "भेट म्हणे. काय देईन?"

कौशल्येनं फडकं तोंडावरून खाली ओढलं. भेटीच्या बाबतीत तिचा अधिकार मोठा. मागं एका पुढाऱ्याच्या हळदीकुंकवात तिला साडी भेट भेटली होती, अन् ती साडी पहिल्या धुण्यात लेकराच्या झबल्याएवढी झाली, तरी भेट ती भेटच.

"तुले समजत नाही का? मशीन धुऊन ठेव काहून म्हने? उसनी होती नं आतापर्यंत? आता गव्हर्नरबाईच्या हातानं तुले देऊन टाकतीन. कायमची. भेट!"

"खरंच वं?"

"नाही तं का मशीनचा वाढदिवस हाय?"

सगळ्या हसल्या. भागीरथाही हसली, अन् हसता हसता विसरून तिनं डोळा चोळला. मग अर्धी दुपार तिचा तो डोळा वाहत राहिला. पण त्या दिवशी तिला ती आग गोड लागली.

संध्याकाळी घरी शालिकरामानं मात्र ऐकून मान हलवली. "भेट म्हंजे... भेटनं बी... होते वं."

"भेटाले मशीन काहून लागन? गव्हर्नरबाई का मशीनले भेटाले येऊन राह्यली?"

चिडून बोलली खरी, पण त्या घरात त्या दिवशी सगळ्यात खरं तेच बोललं गेलं. हे मात्र रविवारपर्यंत कोणाला कळायचं नव्हतं.

शुक्रवार-शनिवार तिनं मशीन पुसली. पाठीवर चिकटपट्टीवर चिकटपट्टी होती. वर एका गव्हर्नरचं नाव, 'यांच्या शुभहस्ते लोकार्पण'. त्याचा कोपरा उचकला, की खाली दुसऱ्याचं. एकाच मशीनचं लोकार्पण दरसाल होत होतं, जसं एकाच बैलाला दर पोळ्याला रंगवतात. भागीरथेला अक्षरं लागत नव्हती. तिनं उचकलेला कोपरा भाताची शितं लावून बसवून टाकला.

शालिकरामानं लेकीच्या लग्नातला पांढरा सदरा काढायला लावला. दाढी केली. सदऱ्याच्या गळ्यात आता त्याच्यासारखी दोन माणसं मावली असती.

रविवारी गोलू आला, अन् खाटेवर तयार होऊन बसलेला शालिकराम पाहून दारातच थबकला.

"काका कुठं चालले?"

"ज्याची भेट, त्यानं हातानं घ्यावं लागते गा," भागीरथा म्हणाली.

"काकू, मले फक्त मशीन आन म्हनलं. फोटो हाय, फीत हाय. पेशंट नाही सांगितला."

"पेशंट नाही तं मशीन कोनाले देतीन? तुले?"

गोलूनं डोकं खाजवलं. त्याला सांगितलेलं होतं तेवढं सांगून झालं होतं, अन् न सांगितलेलं बोलायची त्याला सवय नव्हती. वायर भिंतीतून निघाली. घुर्र-फुस्स थांबलं, अन् घर एकदम मोठं वाटायला लागलं. शालिकरामानं शेवटचा चांगला दम छातीत धरला, जसा पोहणारा बुडी मारायच्या आधी धरतो. टेम्पोत मागं पत्र्यावर गोधडी घातली; एका हातानं नवरा, दुसऱ्यानं मशीन, अशी भागीरथा बसली. पत्रा तव्यासारखा तापलेला. खड्डा आला, की ती आधी मशीन सावरी, मग नवऱ्याला. हे तिच्या लक्षात आलं, अन् तिनं हात बदलले. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच झालं.

मंगल कार्यालयात पडदे, फुगे, खुर्च्यांना पांढरे गिलाफ. स्टेजच्या पायथ्याशी टेबल, टेबलावर एक शिलाई मशीन, एक पांढरी काठी, अन् मधोमध शालिकरामाची मशीन. तिला झेंडूचा हार घातला अन् लाल फीत गुंडाळली. शालिकरामाला मागच्या रांगेत कूलरसमोर बसवलं. कूलर मोठा होता, पण त्याची हवा पुढच्या रांगेसाठी वळवलेली होती.

"मॅडम कामठीत पोचल्या," कोणी तरी म्हणालं.

चहा झाला. मॅडम कन्हानला पोचल्या. फुगा फुटला. मॅडमचा कन्हानला सत्कार चालू होता. शालिकरामानं दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, खांदे कानांपर्यंत चढले. गळ्याच्या खळगीत प्रत्येक दमाला कातडी आत ओढली जाई, पाण्यात खडा पडल्यासारखी.

भागीरथा ओमप्रकाश शेटकडे गेली. शेट सफारी घालून घामाघूम, एका हातात गुच्छ, दुसऱ्यात फोन.

"शेटजी, जराशी लाईनले लावू द्या नं मशीन. बुढा घाबरून राह्यला."

"अरे बाई, तू त्याले कायले आणलं? ... हां मॅडम, हां, आम्ही सगळे वेटिंग ... बाई, फीत आहे वरून. सोडली तर पुन्हा कोण बांधेल? पाच मिनटं."

"लाईन जाते घरी तेव्हाबी असंच म्हनतात, पाच मिनिटं."

"हे काय घर आहे का?" शेट म्हणाले, अन् फोन पुन्हा कानाला लावला.

ती परत आली. कोणी तरी खुर्चीवर ठेवलेली निमंत्रणपत्रिका तिनं घेतली, अन् जाड कागदानं नवऱ्याला वारा घालू लागली. कागदावर गव्हर्नरबाईंचा हसरा फोटो होता. तो शालिकरामाच्या तोंडापुढून जात-येत राहिला.

मग गाड्या आल्या. ढोल वाजला, फुलं उडाली. गव्हर्नरबाई, म्हणजे प्रांतपाल शोभाताई, चांगल्या ठसठशीत, कपाळाला मोठं कुंकू, गळ्यात पदकांचा रुंद पट्टा, चेहऱ्यावर खरंखुरं हसू. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. घंटा वाजली अन् राष्ट्रगीत लागलं. सगळे उठले. शालिकरामही उठायला लागला.

"बसा अजी, तुमाले नाही कोनी म्हनत," भागीरथा त्याच्या कानात म्हणाली.

"लोक... पाह्यतात," तो म्हणाला, अन् पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभा झाला. गीत संपेपर्यंत तो उभा होता. संपल्यावर सगळे बसले, अन् त्याला बसणं जमेना. भागीरथेनं त्याला काखेत धरून खाली घेतला.

फीत कापली गेली. फोटो झाले. ओमप्रकाश शेट माईकवर आले.

"प्रांतपाल मॅडमच्या भेटीनिमित्त आज आपल्या क्लबसाठी आनंदाची गोष्ट! मॅडमची स्वप्नातली ऑक्सिजन बँक रामदासपेठेत सुरू होऊन राहिली. त्या बँकेला सेवादीप क्लब, पारशिवनीतर्फे ही मशीन... भेट!"

टाळ्या पडल्या. भागीरथेला एवढ्यातलं 'मशीन' समजलं, अन् 'भेट' समजलं. सगळ्या हॉलमध्ये तिच्याइतक्या जोरात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिरचीनं भेगाळलेले हात, त्यांचा आवाज पाटावर थापी मारल्यासारखा. पुढच्या रांगेतल्या बायांनी वळून पाहिलं अन् कौतुकानं हसल्या.

शालिकरामानं तिचं मनगट धरलं.

"भागी... टाळ्या... नको वाजवू."

"काहून?"

त्यानं हवा गोळा केली. ती गोळा व्हायला वेळ लागला.

"आपल्याले... नाही. नागपूरले... चालली."

भागीरथेचे हात टाळीतच राहिले, एकावर एक, नमस्कार केल्यासारखे. तिनं टेबलाकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं. त्याची मान पुढं लोंबली होती अन् तोंडातून लाळेचा धागा सदऱ्यावर उतरत होता. ओठांचा रंग कसा झाला होता, ते तिनं पाहिलं अन् दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

तिनं त्याची खुर्चीच धरली अन् ओढली. प्लास्टिकची खुर्ची, फरशीवर तिचा असा आवाज झाला, की माईकवर आलेल्या शोभाताईंचं भाषण अडखळलं. खुर्चीसकट नवऱ्याला ओढत भागीरथा मधल्या वाटेनं टेबलापर्यंत आली. स्टेजखाली भिंतीत एकच बोर्ड होता, त्यात माईकची पिन. तिनं ती उपटली. 'सेवा हाच आपला...' एवढं बोलून गव्हर्नरबाईंचा आवाज गेला. मशीनची पिन बसली. हारातून नळी ओढून तिनं शालिकरामाच्या नाकात घातली.

घुर्र-फुस्स.

मग मागून एक जण म्हणाला, "अरे वा, डेमो ठेवलाय!" अन् पुन्हा टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले.

शोभाताई स्टेजवरून उतरल्या. वाकून त्यांनी शालिकरामाच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं वाटतंय ना, काका?"

"मॅडम, ही मशीन या बुढ्याचीच हाय," भागीरथा म्हणाली. "म्हंजे क्लबची. पन दम याचा हाय तिच्यात."

शोभाताईंनी ओमप्रकाश शेटकडं पाहिलं. शेट गुच्छाआडून म्हणाले, "टेम्पररी दिली होती, मॅडम."

"मला हे कोणी सांगितलं नव्हतं," शोभाताई हळूच म्हणाल्या. मग भागीरथेला समजावू लागल्या, अगदी मायेनं. "हे बघा, ताई. मशीन एकाच घरात पडून राहिली, तर एकाच्याच कामी येते. बँकेत दहा जणांच्या येईल. तिथून आपण गरजूंनाच देणार आहोत."

"पडून नाही वं बाई, चालून राह्यली ते."

"हो, पण सिस्टम असते. तुम्ही रामदासपेठेत या, नंबर लावा. गरजू असतील त्यांना तिथून मिळेलच."

"तिथून गरजूलेच भेटन?"

"अर्थात."

"अन् हा गरजू नाही का?"

"आहेत ना. म्हणूनच तर म्हणते, तिथून मिळेल."

भागीरथेनं ते नीट ऐकलं. मिरची निवडताना डागी कोणती अन् चांगली कोणती हे पाहायला जशी ती मान कलती करी, तशी तिनं मान कलती केली.

"मंग असं करा," ती म्हणाली. "मशीन इथून तिथं जाते. गरजूलेबी तिथंच न्या. दोघंबी एका गाडीत. तिथं उतरवा, अन् तिथून द्या त्याले."

"ताई, असं नसतं हो..."

"काहून नसते? क्लबनं मशीन भेट देल्ली. मी बुढा देतो. घ्या. माही भेट."

कोणी हसलं, अन् हसलेलं अर्ध्यात गिळलं. शोभाताईंनी चहूकडं पाहिलं. मोबाइल अजून वरच होते, लाल ठिपके चालू. गळ्यातला पट्टा त्यांनी नीट केला, जो नीटच होता.

"बसवा त्यांना गाडीत," त्या म्हणाल्या.

जेवण होईपर्यंत नळी नाकात राहिली. पुऱ्या झाल्या, श्रीखंड झालं. शालिकरामाच्या ओठांना रंग आला. भागीरथेनं त्याला दोन घास भाताचे दिले. स्वतः खाल्लं नाही. मग पिन निघाली. गाडी मोठी, काळी, आतून फ्रिजसारखी गार. मागं बॅनर, स्मृतिचिन्हं, क्लबचे दोन पदाधिकारी. मधे मशीन, अन् मशीनला टेकून शालिकराम, गळ्यात मशीनचाच झेंडूचा हार, कारण तो कुठं ठेवावा हे कोणाला सुचलं नव्हतं.

भागीरथेनं पाय आत टाकला.

"बाई, जागा नाही," पदाधिकारी म्हणाला. "मागून या."

"कुठं?"

"रामदासपेठेत. कोणालाही विचारा."

दार बंद झालं. काचेआड शालिकरामाचं तोंड हललं. तो काय म्हणाला, ते काचेनं ठेवून घेतलं. त्याच्या शब्दांना तशीही फार हवा नसे.

ओमप्रकाश शेट घाम पुसत जवळ आले. "चल, झालं नं बाई तुझ्या मनासारखं? एकदम व्हीआयपी गेला तुझा माणूस."

गोलूनं टेम्पो लावला. "काकू, घरी सोडू?"

"घरी कोन हाय?"

गोलूनं तिला बसायला जागा केली.

"आमडी फाट्यावर सोड मले."

वाटेत गोलू शेवटी म्हणाला, "काकू, मी भेटच म्हनलं होतं नं? खोटं नाही बोललो."

"नाही गा. तू खरंच बोलला."

फाट्यावर सावली नव्हती. बाभळीच्या शेंगा उन्हानं तडतडत होत्या. डांबर चपलेला चिकटून सोडत नव्हतं. नागपूरकडं जाणाऱ्या गाड्या भणाणत जात अन् त्यांच्या वाऱ्यानं लुगडं अंगाला चिकटून पुन्हा सुटे. रामदासपेठ केवढी, तिथं ती बँक कुठं, अन् तिथं पोचेपर्यंत त्याला लाईन मिळाली की नाही, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. गाडीला निघून किती वेळ झाला, तेवढं मात्र तिची छाती मोजत होती. एक दम आत, एक दम बाहेर.

एक यस्टी आली, भरून होती, थांबली नाही. दुसरीच्या कंडक्टरनं हातानंच 'मागून' अशी खूण केली अन् दारात लटकलेल्या माणसांसकट ती निघून गेली.

पुढची लांबून दिसली, उन्हाच्या पाण्यावर हलत येणारी. भागीरथेनं पदर कमरेला खोचला, रस्त्याच्या मधोमध गेली, अन् दोन्ही हात पसरून उभी राहिली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला, लांबच लांब. ती हलली नाही.